लेख मिळाला : ४ मार्च

"ही तारीख छापायची चूक आहे ना, डॉक्टर?"

समोर बसलेल्या माणसानं वैद्यकीय नियतकालिकाचा अंक टेबलावर पसरला आणि पहिल्या पानाच्या तळाशी बोट टेकवलं. तिथे मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ होती. 'लेख मिळाला : ४ मार्च. स्वीकारला : १९ ऑगस्ट.' असली ओळ कुणी वाचत नाही. पण हा माणूस मुद्रितशोधक होता. वीस वर्षं छापखान्यात बसून लोकांच्या चुका धरत आला होता. औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद अख्ख्या जगात आपण एकटेच शेवटपर्यंत वाचतो, असं सांगून त्यानं एकदा वॉर्डातल्या नर्सला हसवलं होतं. तेव्हा त्याची थोरली मुलगी त्याच वॉर्डात होती.

डॉक्टरच्या तोंडचं पाणी पळालं. लेख तिचाच होता.

"म्हणजे बघा," तो म्हणाला, "मार्चमध्ये आमचा धाकटा घरभर उड्या मारत होता. तो गेला अकरा जूनला. तो गेल्यावर तुम्ही आम्हाला बोलावून सांगितलंत, दोष रक्तातलाच आहे, आत्ताच सापडलाय. मग लेख चार मार्चला कसा पोचेल? जुलैचा मार्च झाला असणार. आमच्या छापखान्यात रोज होतं असं."

तो तिला वाट करून देत होता. नुसती मान हलवली असती, तरी भागलं असतं.

त्याची मुलगी दहा वर्षांची होती. शाळेच्या मैदानावर धावताना कोसळली आणि महिन्याभरात गेली. का गेली, ते कुणालाच सांगता येईना. डॉक्टरनं तिच्या रक्ताचा नमुना जपून ठेवला. सहा महिने रात्रीचा दिवस केला. फेब्रुवारीत उत्तर हाती आलं : हृदयाचे ठोके अचानक बिघडवणारा एक दोष, आजवर कुठेच नोंद नसलेला, आईबापांकडून मुलांत उतरणारा. दोष वेळेवर कळला, तर रोजची एक साधी गोळी पुरत होती. धाकट्या भावाला बोलावून त्याचा ईसीजी काढायला दहा मिनिटं लागली असती.

तिनं फोन उचललाही होता.

"छापून येईपर्यंत ब्र काढायचा नाही," असं विभागप्रमुख म्हणाले होते. दुसऱ्या एका प्रयोगशाळेतली माणसं याच दोषाच्या मागावर होती. पण सगळं प्रमुखांवर ढकलून चालणार नव्हतं. तिनं स्वतःच स्वतःची समजूत घातली होती. आधी तज्ज्ञांना लेख तपासू दे. एक लेकरू गेलेल्या घराला खात्री नसताना पुन्हा कशाला घाबरवायचं? किती शहाणपणाचं वाटलं होतं ते तेव्हा. तिनं फोन खाली ठेवला.

जूनमध्ये मुलगा फुटबॉल खेळता खेळता पडला, तो उठलाच नाही. त्यानंतर लेखात एका वाक्याची भर पडली. 'हा लेख तपासणीत असताना रुग्णाच्या भावाचाही मृत्यू झाला.' तोवर शंका काढणारे तज्ज्ञ त्या वाक्यानंतर गप्प झाले.

ते वाक्यही यानं वाचलं असणार. मुद्रितशोधक ओळ गाळत नाही.

तिनं त्याच्याकडे पाहिलं. हो म्हटलं असतं, तर तो अंक काखेत मारून, आभार मानून घरी गेला असता. त्याची बायको अजूनही येईल-जाईल त्याला सांगायची, की डॉक्टरबाईंनी निदान कारण तरी शोधून काढलं.

"नाही," ती म्हणाली. "तारीख बरोबर आहे. मला फेब्रुवारीतच कळलं होतं. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मी..."



त्यानं चष्मा काढला. शर्टाच्या टोकानं एक काच पुसली, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. त्यानं ओरडावं, टेबलावर हात आपटावा, असं तिला फार वाटलं. तो ओरडला नाही.

"वीस वर्षं हेच काम करतोय," तो म्हणाला. "चूक निघाली नाही म्हणून वाईट वाटण्याची ही पहिलीच वेळ."

तो उठला. आता हा थेट वर जाणार, तक्रार करणार, असं तिच्या मनात आलं. जावंच त्यानं. कुणी विचारलं, तर आपण काहीही लपवायचं नाही, हे तिनं तिथल्या तिथे ठरवलं. पण दाराच्या कडीवर हात ठेवून तो थांबला.

"माझी बहीण आलीय बाहेर, तिच्या मुलीला घेऊन. नात्यातली सगळी पोरं तपासून घ्या, असं तुम्हीच म्हणाला होतात."

त्यानं दार उघडलं. बाकावर आईला खेटून सातआठ वर्षांची एक मुलगी पाय हलवत बसली होती. मामाला पाहून ती हसली. तोही हसला, आणि मग मान वळवून, तिला ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात म्हणाला,

"हे तपासणारं इथे दुसरं कुणी नाही, म्हणून तुमच्याकडेच आणलंय. काय निघेल ते आजच सांगा, डॉक्टर. छापून येईपर्यंत थांबू नका."