धुरावर गूळ

कापसाच्या गंजीला लागलेली आग सकाळी विझली, तेव्हा डोमाजी जिनिंग फॅक्टरीच्या फाटकाशी बसून काळं थुंकत होता. आत अडकलेल्या दोघा हमालांना त्यानंच ओढून बाहेर काढलं होतं. मुकादमानं गुळाचा खडा पुढं केला. छातीत धूळ गेली, धूर गेला, की गूळ खायचा, ही तिथली जुनी रीत. "दवाखान्याच्या गाडीत बस," कोणी तरी म्हणालं. डोमाजी हसला. "आंगावर एक फोड तरी हाये काय?"

घरी त्याची बायको कौतिका हिनं त्याच्या नाकातली काजळी ओल्या फडक्यानं पुसली. आवाज पार बसला होता. "बरं झालं. आता भजनात दुसऱ्यायलेबी गाऊ द्या," ती म्हणाली. दुपारी श्वास घेताना त्याच्या घशात शीळ वाजू लागली. "शिट्या काऊन मारून रायले?" तिनं विचारलं. त्यानं नुसती मान हलवली. बोलता येत नव्हतं, थुंकीही गिळवत नव्हती.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी श्वासाची नळी घालून पाहिली. गरम धुरानं घसा आतून भाजून सुजला होता, नळी शिरेना. सकाळी आणलं असतं तर शिरली असती. गळ्याला छेद देऊन वाट केली, तोवर श्वास थांबला होता. तो परतला नाही.

"असं कसं, साहेब?" कौतिकानं डोमाजीच्या बाह्या वर सारल्या, दोन्ही हात उलटसुलट करून दाखवले, मग तळपाय. "पाहा ना, कुठं जळलं?"

ती दाखवील ते डॉक्टर वाकून पाहत राहिले.