साडेसात फुटांवरची दोरी

साहेब, तुमचा नकाशा चुकलाय. लाकडाच्या चिपा कागदाच्या लगद्याच्या टाकीकडे नेणारा पट्टा थांबवायची दोरी तुम्ही साडेसात फुटांवर टांगलीत. पट्ट्यावरचे खडे वेचणारी माझी बायको पावणेपाच फूट आहे.

“उडी मारीन की,” ती हसली. मी तिथलाच फिटर. हात अडकल्यावर उडी मारता येत नाही, हे मी पाहिलंय.

घरी तिला फळीवरचा डबा काढायला लावला आणि हात कुठवर पोचतो ते मोजलं.

“रिकामा आहे की हो डबा!”

“असू दे. हात अजून ताण.”

त्या मापाने, तिच्या हाताला लागेल असा माझा गमछा दोरीला खाली लोंबता बांधला. तुम्ही तो कापलात. म्हणालात, “नकाशात नाही.”

तिने दोन्ही तुकडे शिवून जोडलेत. उद्या पुन्हा बांधणार. कापण्याआधी नकाशावर बोट ठेवून दाखवा, यात माझी बायको कुठे उभी आहे?