तळाला लागलेलं

राजमा शिजला होता, खिमा तांबूस परतून झाला होता, आणि दिवाणखान्यात अप्पांचं बोलणं रंगात आलं होतं. तिनं दोन्ही पातेल्यात एकत्र केलं, वर चिरलेले टोमॅटो लोटले, भाजून वाटलेल्या लाल मिरच्यांचा गोळा सोडला आणि डाव फिरवायला घेतला.

पातेलं आईचं. जाड बुडाचं, आत तळाशी काळं वर्तुळ असलेलं. आई गेल्यावर अप्पांचा राहता फ्लॅट दादाच्या नावावर झाला आणि हिच्या वाट्याला, "तुला आपली आठवण म्हणून," हे पातेलं आलं. ते वर्तुळ तिनं लिंबानं, राखेनं, तारेच्या घासणीनं घासून पाहिलं होतं. ते हटलं नव्हतं.

कृतीही आईचीच. इस्पितळाच्या खाटेवरून, धाप लागत असताना, आईनं ती तोंडी सांगितली होती. राजमा रात्रभर भिजव. खळखळून उकळ, तिथे हयगय नको. खिमा आधी कोरडाच परत, त्याचं पाणी आटू दे. मिरच्या बिया काढून भाज. सगळं एकत्र केलंस की आच मंद कर आणि बाहेर काय चाललंय ते ऐक. या शेवटच्या वाक्याला नर्स हसली होती. औषधाची गुंगी, असं लेकीलाही वाटलं. तेवढं वाक्य सोडून बाकी सगळं ती जसंच्या तसं पाळत आली.

तरी दर रविवारी अप्पा पहिला घास घेत, डोळे मिटत आणि निकाल देत, "चांगलं आहे. पण तुझ्या आईच्या हातची चव नाही." अप्पा व्याकरणाचे निवृत्त प्राध्यापक. त्यांच्या 'पण'च्या अलीकडचं काही मनावर घेऊ नये, हे त्यांचे विद्यार्थीसुद्धा जाणून होते. 'लागणे' या एकाच क्रियापदावर त्यांनी अख्खा प्रबंध लिहिला होता. भूक लागते, ठेच लागते, नाद लागतो, पातेल्यात रस्सा लागतो. लहानपणी ती "रस्सा जळला" म्हणाली, तेव्हा त्यांनी ताट बाजूला सारून समजावलं होतं, "रस्सा लागतो. जळतो तो माणूस." स्वतःच्या विनोदावर ते इतके खूश झाले की वाढणाऱ्या बाईकडे बघायचं राहून गेलं. 'मनाला लागणे' हा अर्थ प्रबंधात होता. तळटीपेत.

आज अप्पांच्या चपलांशेजारी एक फुगलेली बॅग होती. रविवारच्या जेवणाला बॅग लागत नाही.

"ती आतली खोली तुम्हाला मस्त आहे, अप्पा," दादाचा आवाज आला. "बाहेरचा आवाज म्हणून येत नाही. झोप कशी छान लागेल."

आतल्या खोलीवर तिचं पोट होतं. भिंतींना जाड अस्तर लावून तिनं ती बांधून घेतली होती. तिथे काचेपलीकडे माणसं बसवून ती त्यांचे कान तपासत असे. कोणाला ऐकू येत नाही आणि कोणाला ऐकायचं नाही, हा फरक तिला चटकन कळे. घरच्यांची तपासणी तिनं कधी केली नव्हती.

"तिला विचारलंस?" अप्पा म्हणाले.

"तिला काय विचारायचं? एकटा जीव. तेवढीच सोबत होईल तिला. पेशंट काय, स्वयंपाकघरातही बसतील."

"विचारायला हवं होतं," अप्पा न्यायबुद्धीनं म्हणाले. "पण ती नाही म्हणणार नाही. तिच्या आईनं कधी म्हटलं नाही."

डाव थांबला. तिनं आच मंद केली आणि डाव हातात घेऊन दाराआड उभी राहिली.

बाहेर संसार मांडला जात होता. कपाट कुठे सरकेल, टीव्ही कोणत्या भिंतीला लागेल, चहा किती वाजता. डॉक्टरकडे नेणं-आणणं तिच्याकडे. दादा फोन करत जाणार होता. पाठीमागे बुडबुड्यांचा आवाज जड झाला. मग वास बदलला. तिला कळलं. ती हलली नाही.

मग तिनं वाडगे भरले, पाव ठेवले आणि वाढलं.

अप्पांनी घास घेतला. डोळे मिटले. ते लवकर उघडले नाहीत. उघडले तेव्हा ओले होते.

"हीच," ते म्हणाले. "हीच तिची चव. आज कसं छान लागलंय!"

"हो," ती म्हणाली. "लागलंय."

"बघा, जमलं की नाही!" दादा पाव मोडत म्हणाला. "आता रोज मिळेल तुम्हाला."

वाढून आणायला ती आत गेली. पातेलं जवळजवळ रिकामं होतं. ताजा काळा थर जुन्या वर्तुळावर नेमका बसला होता, एखाद्या सहीवर सही गिरवावी तसा. तिनं डाव पातेल्यात टाकला, दारातून बॅग उचलली आणि दादाच्या पायांशी आणून ठेवली.

"हे काय?"

"अप्पांची बॅग. जेवण झालं की घेऊन जा. उद्या सकाळी माझ्या खोलीत माणसं यायची आहेत."

"अगं, पण आमच्याकडे जागा कुठे—"

"तुमच्याकडे म्हणजे त्यांच्याच घरात ना, दादा? शोध. सापडेल."

दादानं अप्पांकडे पाहिलं. अप्पांचं बॅगेकडे लक्ष नव्हतं. ते पावाच्या तुकड्यानं वाडग्याची कड पुसत होते.

"भांडा नंतर," ते म्हणाले. "आधी मला सांग, आज वेगळं काय केलंस?"

"वेगळं काही नाही, अप्पा. आईनं सांगितलं होतं तेच. शेवटी आच मंद केली आणि बाहेर काय चाललंय ते ऐकलं."