कमरेचे मणी

उन्हातून पायी आलेल्या नणंदेला पाहून अराबाने नाक मुरडलं.

"या वन्सं, या. वाऱ्यानं उडत आलात की काय?"

एकुवा हसून बाकावर टेकली. डॉक्टरने सांगितलं म्हणून ही बाई वर्षभर रोज सकाळी एल्मिनाच्या किनाऱ्यावर चालते, जेवताना कंद कुटून केलेल्या फुफूचा गोळा अर्धाच खाते. तेही एकाहत्तराव्या वर्षी! गुडघे बरे झाले म्हणे. चुलीत घाला ते गुडघे. आज मयताला अख्खं गाव जमणार आणि ही काळ्या कापडात खराट्यासारखी उभी राहणार. आईला उपाशी मारलं म्हणून लोक शेण घालणार ते हिच्या पोरांच्या तोंडात.

"बाईचं अंग कसं भरलेलं हवं," अराबा म्हणाली आणि तांब्यातलं पाणी घटाघटा प्यायली. हल्ली तिची तहान भागतच नव्हती. "डॉक्टरांचं काय, उद्या माती खा म्हणतील. खाल?"

"साखर वाढली तेव्हा दादाही असाच घटाघटा पाणी प्यायचा, वहिनी."

"आज मयत दुसऱ्याचं आहे. माझ्या नवऱ्याला कशाला उकरून काढता?"

अराबा चिडली. अंगातल्या काळ्या झग्याखाली तिने तीन कापडं गुंडाळली होती. ईस्टरला एक पुरलं होतं. पोटभर जेवूनही अंग उतरत होतं. पण कुणाला विचारायचं म्हणजे एकुवाच्या पंगतीत जाऊन बसायचं. त्यापेक्षा मेलेलं बरं. कमरेची मण्यांची माळ, जी नवऱ्याखेरीज कुणाला दिसू नये, ती तिने गुपचूप दोनदा आवळून घेतली होती.

"हे बघा, याला म्हणतात बाई!" ती ताडकन उठली आणि तिने कमरेवर थाप मारली.

आत काहीतरी सरकलं. माळ गाठीसकट कापडांतून घसरत खाली आली आणि अंगणात तिच्या पावलांभोवती पडली.

मग एकुवा गुडघ्यांत वाकली, सहज, पोरीसारखी. माळ उचलून, धूळ पुसून तिने ती वहिनीच्या हातात ठेवली. आता ती हसत नव्हती.

"माझं अंग मी चालून घालवलं, वहिनी. तुमचं कुठं गेलं?"

अराबाला पुन्हा तहान लागली होती, पण एकुवासमोर तांब्याला हात लावायची तिची हिंमत होईना.