ओढा आणि उघडा

"हे कडं दिसतंय ना, बाबा? यात बोट घालायचं आणि ओढायचं. बस्स." ललिता म्हणाली, आणि तिनेच कड्यात बोट घालून ओढलं.

रिबीन सुटली. झाकण वर आलं. खोक्यात चाचणीपुरती ठेवलेली साबणाची वडी होती. समोर खुर्चीत बसलेल्या बाबांचा हात अजून गुडघ्यावरून निघून खोक्याच्या वाटेवरच होता. काम झालेलं पाहून तो थरथरत माघारी गेला.

"लय सोपं हाय गो," बाबा म्हणाले. "तुला लगेच जमलं."

ललिता पनवेलच्या एका दवाखान्यात, हातांतली ताकद गेलेल्या माणसांना पुन्हा बटण लावायला आणि चमचा धरायला शिकवायची. पुढच्या रविवारी ज्येष्ठ नागरिक संघात तिचं प्रात्यक्षिक होतं: अशक्त हातांना उघडता येईल अशी भेटवस्तू कशी बांधावी. विषय महत्त्वाचा होता. आपल्याकडे भेट देणारा माणूस प्रेमापेक्षा चिकटपट्टी जास्त वापरतो. कपबश्यांच्या साध्या खोक्याला असा बंदोबस्त करतो की तळोज्याच्या तुरुंगाने त्याच्याकडे शिकवणी लावावी. ललिताने चिकटपट्टीच हद्दपार केली होती. गाठीऐवजी एक सैल फास, फासाला बांगडीएवढं कडं. कागदाऐवजी कापडाची पिशवी. सगळ्या चाचण्या घरीच, कंपवाताच्या खऱ्याखुऱ्या रुग्णावर झाल्या होत्या. ओवे गावचे जगनशेठ, म्हणजे तिचे बाबा, यासाठी रोज संध्याकाळी खुर्चीत बसत. एकही चाचणी फसली नव्हती. फसणार कशी? उघडणारे हात चाळिशीतले होते, शिवाय पदवीधर होते.

"आता ही पिशवी."

"ठेव तितं. चा पिऊन उघडीन."

"चहा गार होईल, बाबा." तिने पिशवी उघडून बाजूला ठेवली आणि बशी त्यांच्या ओठांना लावली.

"मिशी पन तूच पूस आता," बाबा म्हणाले. तिने तीही पुसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. या वेळी मात्र त्यांनी कोणाची मदत घेतली नाही.

संघाचे चिटणीस आनंदराव भेटायला आले. त्यांनी डोळे पुसले, कार्यक्रम महिनाभर पुढे ढकलला, आणि निघताना चपला घालता घालता म्हणाले, "मॅडम, भाषणात बाबांचा उल्लेख जरूर करा. लोकांना एकदम टच होतं."

महिन्याभराने ललिताने उल्लेख केला. "माझ्या वडिलांनी यातलं प्रत्येक वेष्टन तपासून पाहिलं होतं," ती म्हणाली. लोकांना टच झालं. टाळ्या पडल्या. मग प्रत्येक सभासदाला एकेक खोकं वाटण्यात आलं आणि आनंदरावांनी गर्जना केली, "ओढा आणि उघडा!"

एकसारखे टी-शर्ट घातलेले कॉलेजचे स्वयंसेवक सेवेसाठी आतुरच होते. त्यांनीच ओढलं, त्यांनीच उघडलं. म्हाताऱ्यांच्या हातात आपापल्या खोक्यातला नॅपकिन आला. फोटो निघाले. उपक्रम पूर्ण यशस्वी झाला. ललिताला हे यश ओळखीचं वाटलं.

फक्त पहिल्या रांगेतल्या हौसाबाईंनी खोकं पोटाशी धरून ठेवलं होतं. त्या चिरनेरच्या, आता इथे लेकीकडे राहणाऱ्या. संधिवाताने बोटं आत वळलेली. स्वयंसेविकेने हात पुढे केला तशा त्या म्हणाल्या, "नाय द्यायची. माज्या नावाची भेट हाय." त्या कड्यात बोट घालत होत्या आणि बोट निसटत होतं.

"मॅडम, एकच राहिलंय," आनंदराव कुजबुजले. "ग्रुप फोटो अडलाय. जरा मदत करा ना त्यांना."

ललिता व्यासपीठावरून खाली उतरली आणि हौसाबाईंच्या समोर बसली. सवयीने तिचा हात पुढे गेला. तो पाहताच हौसाबाईंनी खोक्यावरची पकड सोडली, अगदी शहाण्यासारखी.

"घे बाय. तूच उघड. तुमाला फोटो काढायचाय."

ललिताने खोकं उचललं आणि पुन्हा त्यांच्या मांडीवर ठेवलं. मग दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट गुंतवले.

"मॅडम, मदत..."

"करतेय," ती म्हणाली.

बोट कड्यात गेलं, निसटलं. पुन्हा गेलं, पुन्हा निसटलं. ललिताला पंख्याकडे बघावंसं वाटलं. आनंदरावांच्या बुटांकडे, छताकडे, कुठेही. ती त्या बोटांकडेच बघत राहिली. मागे कोणीतरी खाकरलं. कोणीतरी खुर्ची सरकवली. हौसाबाईंनी कोपराने खोकं दाबून धरलं, करंगळी वाकडी करून कड्यात अडकवली आणि सगळं अंग मागे झोकून दिलं. फास सुटला.

त्यांनी नॅपकिन बाहेर काढला, उलटसुलट करून पाहिला. "येवड्यासाठी येवडा घाम!" म्हणत त्या खळखळून हसल्या, आणि त्याच नॅपकिनने त्यांनी तोंड पुसलं. मग ललिताकडे वळून विचारलं, "तुजा बापूस पन असाच वेळ लावायचा काय गो?"

ललिताच्या कॉलरला लावलेला माइक चालूच होता.

"लावला असता," ललिता म्हणाली. "त्यांचे हात मला बघवत नव्हते."