डब्यातलं मीठ

आमच्या ऑफिसचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. त्यात लिहिणाऱ्याचं नाव दिसत नाही. साहेबांबद्दल मनातलं बोलता यावं म्हणून विक्कीने तो काढला.

माझी बायको प्रेमिला वारल्यापासून घरी मी एकटाच असतो. डबाही मीच करतो. परवा जेवायला बसलो आणि ग्रुपवर आलं, ‘मीठ राहिलं जी आज.’ मी डबा उघडला. वांग्यात खरंच मीठ नव्हतं.

काल आलं, ‘आज दोनदा टाकलं जी.’ भाजी तोंडात धरवेना.

मी विक्कीवर चिडलो. “बायको गेली माही. मजाक करून राहिला का गा?”

“आईची शपथ काकाजी, मी नाही.”

म्हणून आज ऑफिसातल्या सोनिकाने सगळ्यांचे मोबाइल टेबलाच्या मधोमध ठेवायला लावले. आम्ही हात मांडीवर घेऊन बसलो. माझा डबा बंद होता. काही येऊ नये असं वाटत होतं, आणि यावं असंही.

सगळे मोबाइल एकदम वाजले.

विक्कीने वाकून वाचलं. माझ्याकडे न बघता म्हणाला, “काकाजी, तुमच्यासाठी आहे.”

‘डबा राहू द्या जी. घरी या. दोघांचं वाढून बसली आहो.’