काउनाहेचा वळू

काउनाहेच्या पत्राला वेटारुहेने कधी उत्तर दिलं नव्हतं. दुष्काळाच्या साली आलेलं ते पत्र जेमतेम चार ओळींचं होतं. तू माझ्याकडे चरायला ठेवलेली गुरं एकूण एक मेली. तरसांनी कातडीसुद्धा सोडली नाहीत. देवाची मर्जी. काय लिहू?

वेटारुहे लगेच उत्तरेला जाऊन आला. काउनाहेच्या गोठ्यात तांबड्या गाई वाढलेल्या होत्या. कानांवरच्या खुणा नव्याने कापलेल्या, मांडीवर डागावर डाग. त्याने एकेक गाय नावानिशी ओळखली. पण तांबड्या गाईंना त्या मुलखात तोटा नव्हता, आणि ओळख म्हणजे पुरावा नव्हे. वडीलधारे जमले. काउनाहेने पूर्वजांच्या अग्नीपुढे बसून शपथ घेतली आणि बोलणं संपलं.

पुढच्या हिवाळ्यात वेटारुहेची बायको गेली. मयताला कापायला घरचं जनावर नव्हतं. शेजाऱ्याचा बैल मागून आणावा लागला. ती लाज वेटारुहेने गिळली, पण पचवली नाही.

गोठा होता तेव्हा बायको एका वासराची वाट बघत असे. वेटारुहेच्या बापाकडून आलेल्या त्या तांबड्या कळपात अधूनमधून एखादं राखी वासरू पडायचं, काळ्या नाकाडाचं. एपुकिरोच्या अख्ख्या मुलखात आणखी कुणाकडे तसं होत नसे. बाहेरचा वळू आणला की राखी वासरं थांबायची. आपला वळू दुसऱ्याला दिला, तर तिथेही पडायची नाहीत. बाप म्हणायचा, दोन्हीकडून आपलंच रक्त लागतं.

आता गोठा रिकामा होता, पण नजर शाबूत होती. मांसाच्या गुरांची पैदास सुधारण्यासाठी गुरं पाळणाऱ्यांची संस्था सभासदांना वळू द्यायची आणि कुणाला कोणता, ते वेटारुहे ठरवायचा. यंदा पाळी काउनाहेची होती.

तीन वळू कुंपणात उभे होते. लोक नेहमीपेक्षा जास्त जमले होते.

"काय रे म्हाताऱ्या," काउनाहे कुंपणावर रेलून म्हणाला, "माझ्यासाठी लंगडा शोधतोयस की आंधळा?"

"दोन्ही एकात मिळतो का बघतोय."

लोक हसले. काउनाहेही हसला, पण त्याची नजर वळूंवरून हलली नाही.

गुरांची डॉक्टर जाकुरामा गावचीच मुलगी. ती हळूच वेटारुहेजवळ आली. "काका, तो रुंद खांद्यांचा नको हं. त्याची वासरं अडतात. पहिलटकरणी मरतील."

"माहीत आहे."

"माहीत आहे म्हणूनच सांगतेय. मघापासून तुम्ही त्याच्याचसमोर उभे आहात."

वेटारुहे त्याच्यासमोरून हलला. मग त्याने तिन्ही वळूंना वाळूतून चालवलं. खूर पाहिले. पोटाखालचं कातडं काट्यांत अडकेल इतकं लोंबत नाही ना, ते वाकून पाहिलं. अंडकोशाचा घेर जाकुरामाकडून मोजून घेतला. शेवटी तिसऱ्याच्या पाठीवर हात ठेवला. लांब पाठ, भरलेल्या मांड्या, शांत डोळे.

"हा."

कुंपणाभोवती चुळबुळ झाली.

"पुन्हा तपास, पोरी," काउनाहे म्हणाला. "रक्त, वीर्य, सगळं. हा माणूस मला फुकट चांगलं देणार नाही."

जाकुरामाने सगळं पुन्हा तपासलं. काउनाहे तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता.

"याच्याहून चांगला वळू संस्थेकडे नाही," ती म्हणाली.

काउनाहेने वेटारुहेच्या पाठीवर थाप मारली. "दात पडले की कुत्रंसुद्धा शहाणं होतं."

"गाई सगळ्या सोड त्याच्याकडे," वेटारुहे म्हणाला. "एकही मागे ठेवू नकोस. ताकदीचा आहे."

परतताना शेजाऱ्याला राहवलं नाही. "ज्याने लुटलं त्याच्याच ताटात मांस वाढलंस तू. माझा बैल उगाच कापला तुझ्या बायकोसाठी."

"वळूचा काय दोष?" वेटारुहे म्हणाला. त्या वर्षी पाणवठ्यावर, लग्नात, जिथे तो गेला तिथे लोक त्याला काउनाहेच्या वळूची तब्येत विचारायचे. तो बरी आहे म्हणायचा.

पुढच्या पावसात उत्तरेला वासरं झाली. लस टोचून जाकुरामा परतली ती थेट वेटारुहेच्या दारात. त्याने पुढे केलेलं आंबट दूध तिने हातात घेतलं, पण प्यायली नाही.

"काका, तुम्हाला ठाऊक होतं?"

त्याने तिच्याकडे एक कागद मागितला.

पत्र त्याने स्वतः चालत जाऊन टपालात टाकलं. आत एवढंच होतं: "काउनाहे, तुझं पत्र मिळालं, उत्तराला उशीर झाला. तू नेलेल्या वळूची आजी माझ्या बापाने माझ्या बहिणीला लग्नात दिलेली कालवड. तुझ्या गोठ्यात राखी वासरं पडली असं ऐकतो; माझ्या मेलेल्या गाई व्याल्या म्हणायच्या. वडीलधाऱ्यांना घेऊन न्यायला येतोय, अग्नी पेटता ठेव."